फाटकावरची नावे आणि कागदावरची नावे

मराठी साहित्यात घरांचे काही प्रकार ठरून गेले आहेत. कोकणातले कौलारू घर, देशावरचा किंवा वऱ्हाडातला वाडा आणि मुंबईची चाळ. चाळीला १९५८ साली 'बटाट्याची चाळ' लाभली, वाड्याला १९८५ साली 'वाडा चिरेबंदी'. कोकणातल्या घरांविषयी तर बोलायलाच नको. या तिघांच्या मानाने मुंबईच्या उपनगरातील बंगलीच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. पुढे व्हरांडा, मागे परसू, चार-सहा खोल्या, मंगलोरी कौले किंवा सिमेंटची गच्ची, कुंपणाला मेंदी आणि फाटकाच्या खांबावर संगमरवरी पाटीत कोरलेले नाव असे हे घर आत्मचरित्रांत, दिवाळी अंकांतल्या आठवणींत आणि गौरवग्रंथांत वारंवार भेटते. तिथे ते नेहमीच प्रेमाने आठवलेले असते. मात्र इतिहासाचा विषय म्हणून त्याच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

आठवणींवर अविश्वास दाखवण्याचा येथे हेतू नाही. परंतु 'आमचे पार्ल्याचे घर' या शब्दप्रयोगातील 'आमचे' हा शब्द इतिहासाच्या अभ्यासकाला थांबवणारा आहे. कोणाचे? घर ज्या जमिनीवर उभे होते ती आधी कोणाची होती? तळमजल्यावर भाड्याने राहणाऱ्यांनी त्याला काय म्हणावे? आणि त्याच घरात जन्मून, लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुलींचे त्यावर कोणते नाते उरले? विलेपार्ले पूर्व हे उपनगर उदाहरणादाखल समोर ठेवून या प्रश्नांकडे पाहता येते. पार्ल्याची निवड करण्याचे कारण एवढेच की, मराठी मध्यमवर्गाने आपली म्हणून घडवलेली जी थोडी उपनगरे आहेत त्यांत पार्ल्याचे स्थान वरचे आहे, आणि त्याच्याविषयीचा अभिमानही तेवढाच मोठा आहे.

मूळ भूखंड

विलेपार्ले ज्या साष्टी बेटावर वसले आहे त्याचा राजकीय इतिहास मुंबई बेटापेक्षा वेगळा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज, १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत मराठे आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रज, असे या बेटाचे धनी बदलत गेले. कंपनी सरकारच्या काळात येथील गावेच्या गावे शहरातील धनिकांना इनामासारखी देण्यात आली. पवई फ्रामजी कावसजींकडे गेली हे त्यातले एक प्रसिद्ध उदाहरण. प्रत्यक्ष जमीन कसणारे मात्र बहुधा तेच राहिले. भातखाचरे, गवताची कुरणे, ताडाची झाडे, किनाऱ्याकडे मासेमारी आणि खाजणात मीठ यांवर जगणारे आगरी, कोळी, भंडारी आणि ख्रिस्ती शेतकरी. या ख्रिस्ती समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. गोव्याहून किंवा मंगलोरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, इथलेच भूमिपुत्र, हे ठसवण्यासाठी. त्यांची घरची बोली मराठीचीच एक शाखा आहे. ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते, कारण 'मराठी पार्ले' असे आपण म्हणतो तेव्हा सुरुवात आपण १९२० च्या आसपास करतो. तोवर पार्ल्यात मराठी नव्हती असा त्याचा सूर असतो, आणि तो खरा नाही.

शहराला या गावांची गरज लागली ती १८९६ च्या प्लेगनंतर. बी. बी. अँड सी. आय. रेल्वे त्याआधीच आली होती; १८६७ च्या एप्रिलमध्ये विरार ते बॅकबे अशी पहिली गाडी सुरू झाली, दिवसाला एक. परंतु गाडी असणे निराळे आणि गाडीच्या भरवशावर घर बांधणे निराळे. प्लेगने गिरगाव, मांडवी, भुलेश्वर येथील दाट वस्तीची भीती मध्यमवर्गाच्या मनात बसवली. १८९८ मध्ये सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहतींची योजना हाती घेतली. तिथे जे घडले त्याची नक्कल साष्टीत करायची तर कायदा हवा होता. तो १९१५ साली आला: मुंबई नगररचना अधिनियम. हिंदुस्थानातला या विषयावरचा हा पहिला कायदा. पाठोपाठ १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला. ५ जानेवारी १९२८ रोजी बोरिवलीपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि फोर्टातील कचेरीत नोकरी करून पार्ल्यात राहणे हे साहस न राहता रोजचा परिपाठ झाला.

१९१५ च्या कायद्याची रीत समजून घेतल्याशिवाय बंगलीचा इतिहास कळत नाही. एका टापूतील सगळ्या वेड्यावाकड्या शेतजमिनी कागदावर एकत्र करायच्या. त्यांतून रस्ते, मोकळ्या जागा काढायच्या. उरलेल्या जमिनीचे काटकोनी तुकडे पाडून ते मूळ मालकांना परत वाटायचे. आणि जमिनीची किंमत वाढते म्हणून त्या वाढीचा काही भाग खर्चापोटी वसूल करायचा. योजनेपूर्वीच्या तुकड्याला 'मूळ भूखंड' म्हणत, योजनेनंतरच्या तुकड्याला 'अंतिम भूखंड'. पार्ल्यातील जुन्या खरेदीखतांवर आजही अंतिम भूखंडाचा क्रमांक सापडतो. योजना म्हणून ती न्याय्यच होती. जमीन हिसकावून न घेता शहर वसवण्याची ही पद्धत आजही नावाजली जाते. परंतु ही न्याय्यता मालकापुरती होती. ज्याच्या नावाचा मूळ भूखंड, त्याला अंतिम भूखंड. जो कूळ म्हणून ती जमीन कसत होता त्याला या व्यवहारात हात नव्हता. कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानणारा कुळकायदा १९४८ साली आला आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून त्याची खरी अंमलबजावणी झाली. तोवर पार्ल्याच्या मध्यभागातील शेते बिनशेती होऊन पुरती तीन दशके लोटली होती. कसायलाच काही उरले नव्हते, तर कसणाऱ्याचा हक्क कशावर सांगायचा?

पार्ल्यात 'तेजपाल स्कीम' या नावाचे क्रमांकवार रस्ते आहेत. 'स्कीम' हा शब्द इतका रुळला आहे की त्यामागे जमिनीच्या फेरवाटणीची एक आखीव रीत होती हे कोणाच्या मनातही येत नाही. गावठाण मात्र या आखणीतून वगळले गेले, म्हणून तिथल्या गल्ल्या अजूनही वाकड्या आहेत. बंगलीत वाढलेल्यांच्या आठवणींत गावठाण येते ते बहुतेक भाजी, मासळी किंवा मोलकरणीच्या संदर्भात.

रस्त्यांची नावे

नव्या वसाहतीने रस्त्यांना दिलेली नावे हे स्वतंत्र साधन आहे. पार्ले पूर्वेला चित्तरंजन रोड, श्रद्धानंद रोड, अजमल रोड आणि मालवीय रोड आहेत. देशबंधू चित्तरंजन दास जून १९२५ मध्ये वारले. स्वामी श्रद्धानंदांची हत्या डिसेंबर १९२६ मध्ये झाली. हकीम अजमल खान डिसेंबर १९२७ मध्ये निवर्तले. अडीच वर्षांच्या अवधीत देशाने गमावलेली ही तीन माणसे एकाच वसाहतीच्या पाट्यांवर यावीत, यावरून ती वसाहत कोणत्या काळात स्वतःला नाव देत होती याचे अनुमान बांधता येते. श्रद्धानंद आणि अजमल खान यांची नावे शेजारी नांदू शकतात असे मानणारा तो मध्यमवर्ग होता, हेही येथे नोंदवायला हवे.

हा वर्ग टिळकांच्या छायेत वाढलेला होता. लोकमान्य १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. त्यांच्या स्मरणार्थ १९२१ साली पार्ले टिळक विद्यालय सुरू झाले आणि १९२३ साली लोकमान्य सेवा संघ. म्हणजे घरे पुरती उभी राहण्याआधी, रस्ते पुरते होण्याआधी, शाळा आणि सार्वजनिक संस्था उभी राहिली. पार्ल्याच्या अभिमानाचा हा पाया आहे आणि तो पोकळ नाही. व्याख्याने, ग्रंथालय, गाणे, नाटक यांची जी सवय या वस्तीने लावून घेतली तिच्यातून पु. ल. देशपांडे यांच्यासारखा लेखक घडला. त्यांचा जन्म १९१९ चा, गावदेवीतला. बालपणाची पहिली वर्षे जोगेश्वरीला आणि मग पार्ल्यात. शिक्षण पार्ले टिळक विद्यालयात. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ले येथे छावणी होती; जमनालाल बजाज आणि किशोरलाल मश्रूवाला हे तिच्या पुढाऱ्यांत होते. टिळकांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांच्या गावात गांधींची छावणी भरावी, ही त्या काळच्या वादांच्या पार्श्वभूमीवर लहान गोष्ट नव्हती.

तरीही या संस्थांच्या इतिहासात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो: वस्तीत जागा कोणाला मिळत होती? त्या काळातील घरबांधणी सहकाराच्या वाटेने जात होती आणि सहकार जातीच्या वाटेने. श्रीपाद सुबराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. पुढे सांताक्रूझला सारस्वत वसाहत झाली, जोगेश्वरीला सारस्वत बाग. वांद्र्याला १९१८ मध्ये साल्सेट कॅथॉलिक संस्था स्थापन झाली. परक्या शहरात आलेल्या माणसाने आपल्या ज्ञातीचा आधार शोधावा हे समजण्यासारखे आहे. अशा संस्थांनीच प्रथम मध्यमवर्गाला परवडणारे आणि हवेशीर घर दिले. पण ज्या दारातून आपले आत येतात तेच दार इतरांसाठी बंद होते. हा प्रश्न जुना झाला असे समजू नये. सभासदत्व एकाच धर्मसमूहापुरते ठेवण्याचा एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली मान्य केला आहे. पार्ल्यातील बंगल्या बहुतांशी सुट्या खरेदीच्या होत्या. तेथे लिखित नियमाची गरजच पडली नाही. ओळखीतून जमीन, ओळखीतून भाडेकरू आणि ओळखीतून शेजार, एवढ्याने काम भागत होते.

घराची रचना

आता घराकडे वळू. बंगली हा शब्द आपल्याला ऐसपैस वाटतो, पण पार्ल्याची बंगली ही श्रीमंताची कोठी नव्हती. ती पगारदाराने बांधलेली होती. सरकारी खाते, रेल्वे, बँक, शाळा, वकिली, डॉक्टरी यांतून साठवलेली पुंजी, पत्नीचे दागिने, गावाकडचा विकलेला तुकडा आणि निवृत्तीनंतर हाती आलेला फंड यांतून ती उभी राही. घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देणारी संस्था म्हणून ज्या एच.डी.एफ.सी.चे नाव घेतले जाते ती हसमुखभाई पारेख यांनी १९७७ साली स्थापन केली. म्हणजे बंगल्यांचा काळ संपता संपता. तोवर घर बांधणे ही आयुष्यात एकदाच, बहुधा उतारवयाच्या उंबरठ्यावर, घडणारी गोष्ट होती. 'श्रमसाफल्य' हे नाव इतक्या फाटकांवर दिसे, याचे कारण या हिशोबात आहे.

रचनेत दोन जगांची सांगड होती. पुढची बाजू साहेबी: व्हरांडा, दिवाणखाना, रंगीत सिमेंटच्या नक्षीदार फरश्या. अशा फरश्या करणारी भारत टाइल्स ही कंपनी सिधवा कुटुंबाने १९२२ साली सुरू केली होती, आणि विदेशी फरश्यांना स्वदेशी पर्याय हे तिच्या मालाचे एक आकर्षण होते. मागची बाजू गावाकडची: स्वयंपाकघर, माजघर, देवघर, न्हाणीघरातला तांब्याचा बंब, तुळशीवृंदावन, विहीर, केळी, अळूचे वाफे. शहरात हिवतापाच्या भीतीने विहिरी बुजवण्याची मोहीम बेंटली यांच्या १९११ च्या अहवालानंतर चालू झाली होती. उपनगरात मात्र नळाचे पाणी पुरेसे येईपर्यंत विहीर हाच आधार होता. आणि अगदी मागे, मुख्य घरापासून तोडून, संडास. सांडपाण्याची भुयारी गटारे उपनगरांत फार उशिरा आली. तोवर घरांच्या मागच्या बाजूने, पुढचे फाटक न ओलांडता, मैला नेणारा माणूस येत असे. पुढच्या दाराच्या आठवणी शेकड्यांनी लिहिल्या गेल्या. मागच्या दाराने येणाऱ्याचे नाव त्यांत सहसा आढळत नाही. घराच्या नकाशातच जातीची वाट आखलेली होती, हे म्हणणे कडू वाटले तरी नकाशा तेच सांगतो.

या नकाशात आणखी एक गोष्ट दिसते. कित्येक बंगल्यांना दोन जिने किंवा दोन प्रवेशद्वारे असत आणि स्वयंपाकघरे दोन किंवा तीन. याचे कारण एकत्र कुटुंब नव्हे. घर बांधतानाच त्याचा एखादा भाग भाड्याने द्यायचा असे मालकाने ठरवलेले असे. आयुष्याची पुंजी विटा-सिमेंटात घातल्यावर महिन्याचा खर्च चालवायचा कशावर? निवृत्तिवेतनाला भाड्याची जोड हवीच होती. म्हणून जिला आपण 'कौटुंबिक बंगली' म्हणतो ती पुष्कळदा सुरुवातीपासूनच दोन-तीन कुटुंबांचे घर होती. मालक वर, भाडेकरू खाली, किंवा उलट.

भाडेकरू

या व्यवस्थेचा तोल दुसऱ्या महायुद्धाने बिघडवला. युद्धकाळात मुंबईत माणसे लोटली, बांधकाम थंडावले, भाडी भडकू लागली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हे प्रमाण मानले आणि भाडेकरूला काढून टाकण्यावर कडक बंधने घातली. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा हा कायदा नसता तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा उपाय मुदतवाढीवर मुदतवाढ घेत अर्धे शतक टिकला. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली त्यातील प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाशी विसंगत झाल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले, तेव्हा कुठे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा झाला आणि ३१ मार्च २००० पासून दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा मिळाली. ती वाढही गोठलेल्या भाड्यावरच मोजायची होती.

याचा परिणाम घराच्या भिंतींवर दिसला. जे भाडे कौले परतवायलाही पुरत नाही त्या भाड्यासाठी मालक डागडुजी करीना. ज्या घरातून आपल्याला काढायला मालक टपला आहे त्या घरावर भाडेकरू खर्च करीना. पावसाळ्यात दोघांच्याही डोक्यावर एकच छप्पर गळत असे. लघुवाद न्यायालयातील दावे वडिलांनी दाखल करावेत आणि नातवाने तारखेला जावे, असे प्रसंग मुंबईत नवे नव्हते. मालकाला स्वतःसाठी जागा हवी असेल तर ती मिळण्याची तरतूद कायद्यात होती. मात्र अधिक हाल कोणाचे होतील हे न्यायालयाला तोलावे लागे. ते तोलायचे कसे? एका पारड्यात निवृत्त शिक्षकाचा लग्न ठरलेला मुलगा, दुसऱ्या पारड्यात कारकुनाची चार मुले.

मालकांच्या आठवणींत भाडेकरू हा बहुधा घर बळकावून बसलेला माणूस असतो. पण त्याचेही या घरात जन्म झाले, मुंजी झाल्या, मृत्यू झाले. गणपतीची आरती खालच्या मजल्यावरही होत होती. फाटकावर त्याचे नाव नव्हते; असलीच तर जिन्याखाली टपालपेटीवर एक छोटी पत्र्याची पट्टी. त्याच्यापाशी घराचा पुरावा म्हणून भाडेपावत्यांची चवड होती, आणि अडचणीच्या काळात मनिऑर्डरने पाठवलेल्या, मालकाने नाकारलेल्या भाड्याच्या पावत्या. पार्ल्याच्या घरांचा अर्धा इतिहास या पावत्यांत आहे, आणि तो जवळजवळ सगळा रद्दीत गेला.

मातृछाया

फाटकांवरील नावांत 'श्रमसाफल्य' खालोखाल दिसणारी नावे म्हणजे 'मातृछाया', 'मातृस्मृती', 'आईची कृपा'. घराला आईचे नाव देण्याची ही रीत सर्वांना हृद्य वाटते. म्हणूनच त्या घराच्या कागदांत स्त्रियांचे स्थान काय होते हे पाहिले पाहिजे.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्वकष्टार्जित मिळकतीत मोठी सुधारणा केली. मृत्युपत्र न करता पुरुष वारला तर त्याची पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा. पार्ल्याची बंगली ही बहुतेक वेळा स्वकष्टार्जितच होती. म्हणजे या नियमाप्रमाणे मुलीचा वाटा मुलाइतकाच. पण याच कायद्यात कलम २३ होते. मिळकतीत राहते घर असेल आणि ते संपूर्णपणे कुटुंबीयांच्याच वापरात असेल, तर पुरुष वारस आपापले वाटे वेगळे करून घेण्याचे ठरवीपर्यंत स्त्री वारसाला त्या घराची वाटणी मागता येत नव्हती. राहण्याचा हक्क होता. परंतु मुलीच्या बाबतीत तो ती अविवाहित, विधवा, पतीने टाकलेली किंवा पतीपासून विभक्त असेल तरच. शेतजमीन, पैसा, रोखे यांत जी बरोबरी होती ती घराच्या उंबऱ्यापाशी येऊन थबकत होती. आणि हे बंधन केवळ मुलींवर नव्हते. जिच्या नावाने फाटकावर 'छाया' कोरली होती तिलाही, म्हणजे आईलाही, ते लागू होते.

यातला एक उपरोध असा, की कलमाच्या शब्दांप्रमाणे घर 'संपूर्णपणे' कुटुंबाच्या वापरात असणे ही अट होती. ज्या घराचा एक भाग भाड्याने दिलेला आहे त्याला हे संरक्षण कितपत लागू पडते, असा प्रश्न स्त्री वारसाला उभा करता येत होता. ज्या भाडेकरूला मालकाचे मुलगे घरातील काटा समजत होते, त्याच्या असण्यामुळे बहिणीला वाटणी मागण्याची फट सापडत होती. प्रत्यक्षात किती बहिणींनी ती वापरली असेल? कायद्यापेक्षा माहेरच्या उंबऱ्याची ओढ मोठी होती. भाऊबीज सांभाळायची की वाटा, अशी निवड ज्या समाजात करावी लागते तिथे हक्कसोडपत्र हा रिवाज होतो. पार्ल्यातील असंख्य घरांच्या कागदांत अशी हक्कसोडपत्रे आहेत. त्यांवर 'नैसर्गिक प्रेमापोटी' असे लिहिलेले असते आणि खाली बहिणींच्या सह्या असतात. प्रेम खोटे होते असे म्हणवत नाही. पण भावाने बहिणीसाठी केलेले हक्कसोडपत्र क्वचितच दिसते, एवढे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्राने १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला. केंद्राने २००५ साली तो देशभर केला, आणि त्याच दुरुस्तीने कलम २३ रद्द झाले. म्हणजे राहत्या घरातील मुलीचा वाटा अडवणारे कलम १९५६ ते २००५ असे एकोणपन्नास वर्षे टिकले. हीच बंगलीच्या आयुष्याची मधली आणि शेवटची वर्षे.

इमारत

१५ एप्रिल १९५० रोजी विलेपार्ले बृहन्मुंबईत आले. १९६० च्या दशकात दोन कायद्यांनी बंगलीचे भवितव्य ठरवले: १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा. जमीन न घेता घराचा मालक होता येते, ही गोष्ट त्यांनी सामान्य माणसाच्या आवाक्यात आणली. बंगली पाडून तळमजला अधिक तीन मजल्यांची इमारत उभी राहू लागली. त्याच दशकात चटईक्षेत्र निर्देशांक हा शब्द आला आणि जमिनीची किंमत तिच्यावरील आंब्याफणसांवरून न ठरता तिच्यावर किती चौरस फूट चढवता येतील यावर ठरू लागली. १९७६ च्या नागरी कमाल जमीन धारणा कायद्याने मुंबईत मोकळ्या जमिनीला ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली; मोठी बाग बाळगणे ही चैन न राहता जोखीम झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्क आणले आणि शहरात अन्यत्र सोडलेल्या जमिनीचे चटईक्षेत्र उपनगरातील इमारतीवर चढवता येऊ लागले. बंगल्यांची उरलीसुरली रांग त्यानंतरच्या दीड दशकात संपली म्हटले तरी चालेल.

हा बदल केवळ बिल्डरांच्या लोभाने झाला असे म्हणणे सोयीचे आहे, पण ते पुरेसे नाही. पाच वारसांपैकी दोघे परदेशी, एक पुण्याला, घर पावसात गळते आणि खाली तीस वर्षांचा भाडेकरू, अशा बंगलीचे काय करायचे, याचे उत्तर भावनेत नव्हते. इमारतीने ते दिले. प्रत्येक भावाला एक सदनिका, भाडेकरूला मालकीची सदनिका, आणि क्वचित बहिणीलाही. येथे आठवणींच्या लेखनाने दुर्लक्षिलेली एक गोष्ट नोंदवली पाहिजे: ज्या दिवशी बंगली पडली त्या दिवशी भाडेकरूचे नाव पहिल्यांदा पाटीवर आले. प्रवेशद्वारापाशी सगळ्या सभासदांची एकाच आकाराच्या अक्षरांत लिहिलेली जी यादी असते, ती बंगलीच्या संगमरवरी पाटीपेक्षा दिसायला नक्कीच सामान्य आहे. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तर ती पुढचे पाऊल आहे. घर गेल्याचे दुःख खरे. पण ते सर्वांचे सारखे नव्हते.

ही इमारतही आता जुनी झाली आहे. साठ-सत्तरच्या दशकांतील उद्वाहन नसलेल्या इमारतींत आज वृद्ध दांपत्ये राहतात आणि पुनर्विकासाच्या सभा भरतात. विमानतळ लागून असल्याने पार्ल्यातील इमारतींच्या उंचीवर बंधने आहेत. जेथे उंच जाता येत नाही तेथे विकासकाला रस नसतो. ज्या परिसराने आपली निवांत हवा ही ओळख मानली, त्याचे भवितव्य त्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानांशी जोडले गेले आहे. १९२९ साली चौहान कुटुंबाने सुरू केलेला, गावाचेच नाव घेऊन ते देशभर नेणारा बिस्किटांचा कारखाना २०१६ मध्ये येथील उत्पादन थांबवून शांत झाला. भाजत्या बिस्किटांचा वास आठवणीत गेला. त्या वासाविषयी लिहिणारे बरेच आहेत. पाळ्यांनी काम करून तो निर्माण करणाऱ्या कामगारांविषयी लिहिणारे थोडे.

मग बंगलीविषयीचे प्रेम सोडून द्यायचे काय? तसे मुळीच नाही. टिळकांच्या नावाने शाळा काढणारी, अजमल खानांचे नाव रस्त्याला देणारी, संध्याकाळी व्याख्यानाला गर्दी करणारी ही वस्ती मराठी समाजाच्या चांगल्या कर्तबगारीचा भाग आहे. तिचा इतिहास लिहायचा तर तो सगळा लिहावा, एवढेच म्हणणे आहे. त्यासाठी साधने अजून काही प्रमाणात शिल्लक आहेत: नगररचना योजनेचे नकाशे, त्यांतील मूळ भूखंडांच्या याद्या, मालमत्ता पत्रके, भाडेपावत्या, दाव्यांचे कागद, हक्कसोडपत्रे. पुनर्विकासाचा करार झाला की घर रिकामे करायला थोडे दिवस मिळतात. त्या दिवसांत लोक देव, भांडी आणि फोटो नेतात. संगमरवरी पाटीही कोणी काढून नेतो. माळ्यावरची कागदांची ट्रंक मात्र रद्दीवाल्याकडे जाते. ज्यांच्या घरी अशी ट्रंक आहे त्यांनी ती विकण्याआधी एकदा उघडावी. फाटकावर जे एक नाव होते त्याखेरीज आणखी कितीतरी नावे तिच्यात सापडतील.